मोकाशीबाईंची हजेरी

नली वऱ्हांड्याच्या टोकाला उभी होती. उजव्या हातात काठोकाठ भरलेला पितळी पेला होता आणि तो हात खांद्यापासून हिसके खात होता. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, परकराचा पुढचा भाग भिजून पायाला चिकटला होता. आत मुलींची पंगत बसली होती. ताटांचा आणि हसण्याचा आवाज येत होता.

मी भाकरीचं गाठोडं खाली ठेवलं. "नले, हे काय?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. जीभ झटक्यात बाहेर आली, आत गेली, एक गाल वर ओढला गेला. क्षणभर मला वाटलं, पोर मला वेडावतेय. मग डोळ्यांकडं लक्ष गेलं. डोळे रडत होते आणि तोंड भलतंच काहीतरी करत होतं.

"बाईंनी सांगितलंय," ती म्हणाली. शब्द अडखळत, बोबडे येत होते. "पाणी न सांडता उभं ऱ्हायचं. सांडलं की परत भरायचं. मग जेवायचं."

"कधीपास्नं चाललंय?"

"रोजच."

मी पेला तिच्या हातातून काढून घेतला, तर तिची बोटं माझ्या बोटांवर आवळली, सुटली, परत आवळली. गाईची धार काढताना मूठ चालते तशी.

आमचं गाव आटपाडीच्या बाजूला. बाबा घोंगड्या विणायचे, आई नलीच्या बाळंतपणातच गेली, आणि नलीला मीच वाढवलेली. गावात शाळा सातवीपर्यंत. मोकाशीबाई स्वतः आमच्या घरी आल्या होत्या, एसटीच्या फाट्यापासून उन्हातून चालत. जतच्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या रेक्टर. लग्न केलेलं नाही, स्टार्च केलेली पांढरी सुती साडी, कपाळाला काही नाही. बाबांच्या समोर घोंगडीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "पोर हुशार आहे. माझ्याकडे द्या." अशा किती घरांतून किती पोरी त्यांनी शाळेत आणल्या असतील. आमच्या भागात लोक त्यांच्या पाया पडायचे. बाबाही पडले.

मी नलीला हाताला धरून त्यांच्या ऑफिसात नेलं.

"बाई, माझ्या बहिणीला काय झालंय?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बसा. तुम्ही आलात ते बरं झालं, मी निरोप धाडणारच होते. मुलगी फार बिघडली आहे. आधी घसा दुखतो म्हणून शाळा बुडवली. मग गुडघा दुखतो. गुडघ्याला शेक दिला तर म्हणे घोटा दुखतो. काल गुडघा, आज मनगट. मी इतकी वर्षं मुली सांभाळते, घरी जायचं असलं की मुलींना काय काय होतं ते मला माहीत आहे. आता हे नवीन. प्रार्थनेला उभी राहिली की मला तोंड वेंगाडून दाखवते. ताटं पाडते. वहीत नुसत्या रेघोट्या."

"ती मुद्दाम करत न्हाई, बाई. तुम्ही बघा तरी तिच्याकडं."

"झोपेत करते का? मी स्वतः जाऊन पाहिलंय. झोपली की सगळं बंद. मुद्दाम करत नसेल तर झोपेत कसं थांबतं?"

नली माझ्या पाठीमागं उभी राहून धापा टाकत होती. वऱ्हांड्यातून ऑफिसापर्यंत चालल्याची धाप.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"एकीला दाखवलं की दहा जणी रांगेत उभ्या राहतात. मिठाच्या गुळण्या दिल्या, हळदीचं दूध दिलं. आईनं केलं असतं तेवढं सगळं केलं."

आईनं, असं त्या म्हणाल्या. त्या एका शब्दासाठी मी त्यांचा चेहरा कधी विसरले नाही.

त्याच दिवशी मी नलीला घेऊन मिरजेची एसटी धरली. वाटेत खिडकीला डोकं टेकून ती तुकड्या-तुकड्यानं सांगत होती. गणपतीनंतर घसा धरला. सर्दी नव्हती, खोकला नव्हता, एकदम ताप आला आणि थुंकी गिळतानाही काचा गिळल्यासारखं व्हायचं. जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी आल्या. शेजारच्या अंथरुणावरच्या मुलीलाही झालं होतं, पलीकडच्या दोघींनाही. खोलीला एकच खिडकी, ती पावसामुळं बंद. अंथरुणाला अंथरूण लागलेलं. पाण्याच्या पिंपावर एकच पेला. बाकीच्यांचे घसे बरे झाले, हिचाही झाला. मग पंधरा-वीस दिवसांनी गुडघा सुजला.

"कुणाला सांगितलं न्हाईस?"

"बाईंना सांगत हुते की. रोज सांगत हुते. त्या म्हणाल्या, खोटारडी. मग सांगायचं बंद केलं."

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर हेरवाडकर म्हणून बाई होत्या. त्यांनी नलीला जीभ बाहेर काढून धरायला सांगितलं, ती तिला धरताच येईना. दोन बोटं तिच्या मुठीत देऊन आवळायला सांगितलं. मग छातीवर नळी ठेवून बराच वेळ ऐकत राहिल्या. नळी हलवायच्या, परत त्याच जागी आणायच्या. शेवटी नलीला पलंगावर निजवून मला बाहेर घेऊन आल्या.

"घशाच्या जंतूंचा हा प्रताप आहे," त्या म्हणाल्या. "स्ट्रेप्टोकॉकस नाव त्याचं. साधा घसा दुखतो, आठवड्यात बराही होतो. पण काही मुलांच्या अंगात उलटं घडतं. जंतूंशी लढायला शरीर जे तयार करतं, तेच शरीरावर उलटतं. आधी सांधे धरतात, आज हा, उद्या तो. मग हे हातवारे, हे तोंड वाकडं होणं, तो मेंदूवरचा परिणाम. ते जाईल, काही महिने लागतील, पण जाईल. झोपेत थांबतं ना?"

"व्हय. बाई म्हणत होत्या, झोपेत थांबतं म्हंजे नाटक."

"झोपेत थांबतं हेच तर त्याचं लक्षण." त्यांनी गळ्यातली नळी काढून हातात गुंडाळली. "हातापायाचं मला काही वाटत नाही. काळजी हृदयाची आहे. एक झडप खराब झालीय. ती पूर्वीसारखी होणार नाही."

"आधी आणलं असतं तर?"

"घसा दुखला तेव्हा, त्या आठवड्यात पेनिसिलिन मिळालं असतं, तर बहुतेक यातलं काहीच झालं नसतं. या वयाची मुलं, दाटीवाटीनं झोपणारी, अशा ठिकाणी हे जास्त होतं. वसतिगृहात तर डोळ्यांत तेल घालून बघायला हवं."

त्या जंतूचं नाव मी घोकून पाठ केलं. वैऱ्याचं नाव माणसाला माहीत पाहिजे. पण जंतूचा गळा धरता येत नाही. मला गळा धरायला माणूस पाहिजे होता, आणि तो माणूस जतला स्टार्चच्या साडीत बसलेला होता.

दवाखान्यातून सुटताना डॉक्टरबाईंनी बजावलं. परत एकदा घसा धरला तर झडप आणखी बिघडेल. म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, चुकवायचं नाही. किती वर्षं, ते पुढं बघू, झडप खराब असलेल्यांना कधी कधी जन्मभर लागतं. जवळचा सरकारी दवाखाना जतलाच होता. मी बाबांना चुलत्यांच्या हवाली केलं, दवाखान्याच्या पाठीमागं एक खोली भाड्यानं घेतली, आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात मशिनवर बसले. नली दिवसभर अंथरुणावर पडून असायची. उठायची मनाई होती.

ते इंजेक्शन म्हणजे दुधासारखं दाट पांढरं औषध. सुई जाडजूड. कमरेखाली टोचलं की ते आत शिरतानाच आग व्हायची, आणि मग दिवसभर पाय ओढत चालावं लागायचं. पहिल्या खेपेला नलीनं असा आकांत मांडला की मला आणि दवाखान्यातल्या घाटगे सिस्टरना मिळून तिला दाबून धरावं लागलं. दुसऱ्या खेपेला ती दवाखान्याच्या फाटकाला मिठी मारून बसली. तिसऱ्या खेपेला सकाळीच कुठं तरी लपली, आणि ते इंजेक्शन चुकलं. घाटगे सिस्टर म्हणाल्या, "बहुतेक पोरं अशीच सुटतात. एक चुकतं, मग दुसरं चुकतं. मग एक दिवस धापा टाकत परत येतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो."

मी मशिनवर बसून दिवसभर एकच विचार करायची. मोकाशीबाईंनी वसतिगृहात सांगितलं होतं की नलिनीला शिस्त झेपली नाही म्हणून बहीण घेऊन गेली. नलीची चौकशी करायला त्या एकदाही आल्या नव्हत्या. दवाखाना वसतिगृहापासून हाकेच्या अंतरावर.

मार्चमध्ये संस्थेचा रौप्यमहोत्सव होता. मोकाशीबाईंचा सत्कार होणार होता, अध्यक्ष येणार होते, गावोगावचे पालक येणार होते. माझं ठरलं. बाईंच्या खांद्यावर शाल पडली की मी नलीला घेऊन स्टेजवर जाणार होते. माईक कुणी दिला नाही तर ओरडून सांगणार होते. हिचे हात बघा, हिच्या छातीला कान लावा, आणि मग घाला शाल. बाईंची पंचवीस वर्षांची अब्रू त्यांच्या डोळ्यांदेखत मातीत गेलेली मला बघायची होती. रात्री अंथरुणावर मी ती वाक्यं जुळवायची आणि मला गाढ झोप लागायची. नली आजारी पडल्यापासून दुसऱ्या कशानं झोप येत नव्हती.

तोवर नलीचे हिसके बरेच कमी झाले होते. पण घाबरली, चिडली की हात उडायचा, गाल ओढला जायचा. स्टेजवर तो उडेल याची मला खात्री होती. खरं सांगायचं तर तो उडावा अशीच माझी इच्छा होती.

सत्काराच्या दिवशी मी तिला नवा परकर-पोलका घातला, वेणी घातली.

"आक्का, मला स्टेजवर बघून समदे हसतील," ती म्हणाली.

"हसू देत. शेवटी रडतील."

"पर हसतील आधी. पेला घेऊन उभी हुते तवा बी हसायच्या."

मी चालत राहिले. मांडवाच्या दारात तिनं माझा हात सोडवून घेतला. "मला आधी बाईंना भेटायचंय. एकटीला न्हाई, तू बी चल."

मोकाशीबाई ऑफिसात होत्या. सत्काराची नवी साडी नेसलेल्या, अंबाड्यावर कुणीतरी माळलेला गजरा. आम्हाला बघून त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "अरे, नलिनी. बरी झालीस ना? मी म्हणतच होते."

मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंचा शब्द न् शब्द मला पाठ होता. घसा, गाठी, सांधे, हात, झडप. एका आठवड्याच्या आत पेनिसिलिन मिळालं असतं तर काय झालं असतं, तेही. झोपेत थांबतं ते नाटक नसतं, तेही. बाई खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली बसल्या.

"हे मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

"मी सांगत हुते, बाई," नली म्हणाली.

बाहेर लाउडस्पीकरवर कुणीतरी माईक तपासत होतं. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन.

"आक्का आज स्टेजवर हे सांगणार हाय," नली म्हणाली. तिचा हात उडाला, तिनं तो दुसऱ्या हातानं पकडून धरला. "मी तिला नगं म्हणंन. पर तुम्ही एक करायचं."

"नले," मी म्हटलं.

"थांब, आक्का." तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "मला दर तीन आठवड्यांनी सुई असते. सरकारी दवाखान्यात. तुम्ही यायचं. माझ्यासमोर, मला दिसाल असं उभं ऱ्हायचं. सुई संपंस्तोवर. बोलायचं न्हाई. मी जावा म्हटलं की जायचं."

"किती दिवस?"

"मला जितके दिवस सुई हाय तितके दिवस."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मोठ्या माणसानं मध्ये पडावं, तशा नजरेनं. मी म्हटलं, "संस्थेचं संमेलन दरवर्षी असतंय, बाई. मी इथंच राहते."

त्या येईन म्हणाल्या. त्या दिवशी शाल त्यांच्या खांद्यावर पडली, टाळ्या झाल्या. आम्ही पुढच्या रांगेत बसलो होतो. अध्यक्ष बोलत होते आणि बाई नलीकडं बघत होत्या. नलीनं एकदाही नजर हलवली नाही. मी मात्र आतून पेटले होते. घरी आल्यावर तिला म्हटलं, "हातातलं सोडलंस गं. एका दिवसात संपवलं असतं तिला."

"एका दिवसात कशाला संपवायचं?" नली म्हणाली आणि अंथरुणावर पडली.

तेरा वर्षांची पोर. ती काय बोलली ते मला कळायला पुढं वेळ लागला.

पुढच्या खेपेला मोकाशीबाई खरंच आल्या. दवाखान्यातल्या लोकांनी उठून नमस्कार केले, घाटगे सिस्टरनी खुर्ची आणली. त्या बसल्या नाहीत. नली पलंगावर पालथी झोपली, मान त्यांच्याकडं वळवली. मी तिला धरायला पुढं झाले तर म्हणाली, "सोड." सुई आत गेली. नलीचे ओठ पांढरे पडले. तिनं डोळे मिटले नाहीत, आवाज काढला नाही, पापणीही पाडली नाही. बाईंच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. औषध सावकाश आत जात होतं, आणि मोकाशीबाईंच्या कपाळावर घाम फुटला होता. सुई निघाली. नली उठून बसली.

"जावा आता," ती म्हणाली.

घाटगे सिस्टर माझ्या कानाशी लागल्या, "काय जादू केलीत हो?" मी नुसती हसले.

असं वर्षानुवर्षं चाललं. नली परत शाळेत जाऊ लागली, दुसऱ्या शाळेत. हात स्थिर झाला, अक्षर सुधारलं. पळता मात्र यायचं नाही, जिना चढली की धाप लागायची. इंजेक्शन एकही चुकलं नाही. ती स्वतःच कॅलेंडरवर बघून ठेवायची आणि वसतिगृहात निरोप धाडायची, उद्या या. त्या दिवशी मी दुकानातून सुट्टी घ्यायची. ठेवणीतलं लुगडं नेसायची. लग्नाला निघाल्यासारखी जायची मी, बाईंचा तो चेहरा बघायला.

एकदा बाईंनी डब्यातून बेसनाचे लाडू आणले. नलीनं डबा उघडलाच नाही, बाकावर तसाच राहिला. एकदा, सुई निघाल्यावर, त्या पुढं होऊन म्हणाल्या, "नलिनी, माझं चुकलं. मी रोज देवापुढे—"

"सुई झाली, बाई. जावा."

वसतिगृहात पुष्कळ बदल झाला म्हणून लोक सांगायचे. खोल्यांना खिडक्या पाडल्या, अंथरुणांत अंतर ठेवलं, प्रत्येक मुलीला वेगळा पेला. एखादीचा घसा दुखला, ताप आला, की बाई स्वतः तिला हाताला धरून दवाखान्यात आणायच्या आणि औषधाचा सगळा कोर्स संपेपर्यंत पाठ सोडायच्या नाहीत. त्यांचं आणखी नाव झालं. मुलींची आईच ती, असं आमच्या दुकानाचे मालक माझ्यासमोर म्हणाले, तेव्हा माझ्या हातून कापड तिरकं कापलं गेलं. माझ्या बहिणीची झडप खर्ची पडली, आणि ओवाळणी ह्यांच्या ताटात. मी घरी येऊन नलीला सांगितलं.

"बरं झालं की. दुसऱ्या पोरी वाचतील," ती म्हणाली. मग म्हणाली, "पर त्यांना येऊ दे."

बाई रिटायर झाल्या आणि कवठ्याला पुतण्याकडं राहायला गेल्या. मला वाटलं, आता सुटतील. तर त्या एसटीनं यायला लागल्या. केस पांढरे झाले, गुडघे धरले, पायरी चढताना कठड्याला धरायच्या. एकदा मीच नलीला म्हटलं, आता म्हातारी झालीय ती. दया येऊन नव्हे. खरं सांगायचं तर तिचा चेहरा बघून मला आधीसारखं बरं वाटेनासं झालं होतं, आणि त्याचा मला राग आला होता. नली म्हणाली, "तू येऊ नगंस मग. तुला कुणी बोलावलंय?"

तेव्हा ती डी.एड.ला होती.

एका खेपेला बाई आल्या नाहीत. आम्ही बाकावर दुपारपर्यंत बसलो. नली दर गाडीच्या आवाजाला फाटकाकडं बघायची. मग वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या शेवंताबाई औषध घ्यायला आल्या, त्यांनी सांगितलं. बाई गेल्या. चार दिवस झाले. झोपेतच गेल्या.

नली उठली आणि म्हणाली, "आज ऱ्हाऊ दे. उद्या बघू."

उद्या तिला परीक्षेचा अभ्यास होता. परवा डोकं दुखत होतं. मग पाठ्यपुस्तकं आणायची होती. घाटगे सिस्टरनी दोनदा निरोप धाडला. महिना उलटून गेला. एक दिवस ती पाणी पिताना मला दिसली, गिळताना तिनं किंचित मान तिरपी केली. तोंड उघडायला लावून मी बॅटरीनं घसा बघितला. काही नव्हतं. पण मी भिंतीला टेकून खाली बसले.

"नले, चल दवाखान्यात."

"न्हाई येणार."

"का?"

ती कॉटवर बसून नखं कुरतडत होती. "मला सोसत न्हाई ती सुई, आक्का. कधीच सोसत नव्हती."

"मग एवढी वर्षं कशी घेतलीस?"

"त्या समोर असायच्या. त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं मला. त्यांना दाखवायचं होतं. आता कुणाला दाखवू?"

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं, दुसऱ्या कुठल्याही बहिणीनं घेतलं असतं. पण मला माझ्या बहिणीची नस माहीत होती. तीच माझी होती.

"तुझं अर्धं काळीज तिनं नेलं," मी म्हटलं. "उरलेलं अर्धं आता तूच नेऊन दे तिला. मेली तरी जिंकली म्हणायची."

नलीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत तेच आलं, जे सत्काराच्या दिवशी बाईंच्या ऑफिसात आलं होतं. ती माझ्यावर एवढी संतापली होती की मला वाटलं, आता मारते. तिनं चपला घातल्या आणि माझी वाट न बघता चालायला लागली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी तिला गाठलं, तर ती कठड्याला धरून धाप टाकत उभी होती.

आत गेल्यावर ती पलंगावर पालथी झोपली. मान वळवली. भिंतीपाशी कुणी नव्हतं, नुसता पिवळा ऑइलपेंट. घाटगे सिस्टरनी सुई टोचली, आणि नली ओरडली. साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी. आई गं, आई गं करत ती पलंगाची कड धरून रडली, आणि औषध संपलं तरी रडत राहिली. बाहेरच्या बाकावरची माणसं दारात येऊन बघायला लागली. सिस्टर घाबरल्या, "काय झालं? शिरेत गेलं की काय?"

मी नलीचा हात धरला होता. तिनं तो झिडकारला नाही.

"आक्का," ती म्हणाली, "लई दुखतंय गं."

"माहीत हाय."

"लई वर्षं दुखतंय."

त्या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. नली शिक्षिका झाली, पुढं हेडमास्तरीण. लग्न केलं, मूल होऊ दिलं नाही, डॉक्टरांनीच नको सांगितलं होतं. झडपेवर एकदा पुण्याला शस्त्रक्रिया झाली. आता श्वास बरा आहे. मोकाशीबाईंच्या नावानं वसतिगृहात एक खोली बांधलीय, तिच्या उद्घाटनाचं आमंत्रण आम्हा दोघींनाही आलं होतं. गेलो नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि नलीला मी कधी विचारलेलं नाही.

इंजेक्शन अजून चालू आहे. मी बरोबर असते. घाटगे सिस्टर केव्हाच निवृत्त झाल्या, नवीन सिस्टर येतात, जातात. पहिल्या खेपेला त्या दचकतात. एवढ्या मोठ्या बाई, चष्मा, पर्स, शाळेची मुलं वाटेत पाया पडतात, आणि सुईला लहान पोरीसारख्या किंचाळतात. मग सिस्टर माझ्याकडं बघतात, समजवा म्हणून.

मी सांगते, ओरडू द्या तिला.